सुई नाही, नुसती पन्नी: गर्द आणि एचआयव्ही यांचं नातं सुईपुरतंच आहे का?

अबोली_के (धागाकर्ती)

मी एका सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत समुपदेशक आहे. जिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि तपासणीच्या आधी-नंतर कोणीतरी दोन शब्द नीट बोलतं, ती खोली. आमची जिन्याखाली आहे.

काही दिवसांपूर्वी एक आई आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा चोवीस वर्षांचा, गर्द (म्हणजे हेरॉईन; चांदीच्या पन्नीवर तापवून त्याचा धूर घेतात) ओढणारा, रिपोर्ट पॉझिटिव्ह. बाई रडल्या नाहीत, भांडल्याच. "मॅडम, तो सुई घेत नाही हो. पन्नीवर ओढतो नुसता. मग हे आलं कुठून?" याचं उत्तर मला पाठ आहे. असुरक्षित संबंध, किंवा कधीतरी पैसे कमी पडले म्हणून मित्राची घेतलेली एखादी सुई, जी आईला सांगितली जात नाही. पण उठता उठता त्यांनी दुसरं विचारलं, "बरं, आता झालंच आहे. पण ही पावडर चालू राहिली तर तिच्याने हा आजार जास्त वाढेल का?"

त्यावर मी "हो, सोडायलाच पाहिजे" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली, आणि मग घरी येऊन स्वतःचीच लाज वाटली. बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र होतं, तेव्हा वाचायला बसले. जे कळलं ते मांडते. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

एचआयव्हीला सीडी४ पेशीत (रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या पेशीत) शिरताना एक कडी पुरत नाही. सीडी४ ही पहिली कडी; तिच्या जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ ही दुसरी हाताला लागावी लागते. आता गर्द. हेरॉईन शरीरात गेलं की त्याचं मॉर्फीन होतं. मॉर्फीन मेंदूतल्या ज्या 'म्यू' रिसेप्टरला चिकटून सुख देतं, तो रिसेप्टर आपल्या पांढऱ्या पेशींवरही असतो. माणसाच्या टी-पेशींवर असं काहीतरी असावं याचा पुरावा १९७९ मध्येच मिळाला होता. प्रयोगशाळेत दिसलंय ते असं, की मॉर्फीनमुळे पेशींवर सीसीआर५ वाढतो. म्हणजे विषाणूसाठी कड्या वाढवून ठेवल्या. १९९० मध्ये माणसाच्या रक्तपेशी, विषाणू आणि मॉर्फीन एकत्र ठेवून पाहिले, तर मॉर्फीन असलेल्या बशीत विषाणू जास्त वाढला.

दुसरीकडे पहारेकरी सुस्तावतात. विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी मंदावतात, जंतू गिळणारे मॅक्रोफेज कमी गिळतात. हे तर फारच जुनं निरीक्षण आहे. कांताकुझेन नावाच्या रुमानियन डॉक्टरांनी १८९८ साली गिनीपिगना अफू देऊन दाखवलं होतं, की कॉलऱ्याच्या जंतूंशी लढणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. तेव्हा विषाणू म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं!

मला सगळ्यात पटलं ते आतड्याचं. गर्दवाल्याला बद्धकोष्ठ असतो हे आपल्याकडे कोणीही सांगेल. अफूने आतडं थंडावतं, आणि आतड्याच्या अस्तरातले पेशींचे सांधेही सैल होतात. मग आतल्या जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती सतत खोट्या गजरावर धावत राहते. एचआयव्ही लागण झाल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशींचा फडशा पाडतो. दोघांनी एकाच भिंतीला दोन बाजूंनी सुरुंग लावायचा, तसं झालं हे.

मग त्या आईला "हो, वाढेल" असं छातीठोक सांगू का? इथेच अडले आहे. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

वाचतेय. 'खोट्या गजरावर धावणारी प्रतिकारशक्ती' लगेच समजलं.

शिकाऊ_वैद्य

चांगलं लिहिलंय, पण बशीतलं सगळं माणसात जसंच्या तसं उतरत नाही हे ठळक करायला हवं. माकडांवर प्रयोग झालेत, एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही देऊन. काही प्रयोगांत मॉर्फीनवाली माकडं लवकर आजारी पडली. काहींत मॉर्फीन नेमाने, ठरल्या वेळी, एका पातळीवर देत राहिल्यावर आजार उलट सावकाश पुढे गेला. म्हणजे अफू किती यापेक्षा ती चढ-उतार करते का, याला महत्त्व असावं. नशा, मग टर्की (नशा उतरल्यावर होणारा त्रास), मग पुन्हा नशा, असे रोज तीन-चार हिंदोळे बसले की शरीरातली कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं उसळत राहतात, आणि तीही प्रतिकारशक्ती दाबतात.

माणसांमध्ये तर गुंता आणखी. गर्द घेणारा नीट जेवत नाही, विडी-सिगारेट ओढतो, बहुतेकदा हिपॅटायटिस सी असतो, फुटपाथवर झोपतो. सीडी४ कमी झाल्या तर दोष कुणाला द्यायचा? गर्दला, भुकेला की डासांना? व्यसन असलेल्यांच्या सीडी४ वेगाने घसरतात असं काही अभ्यासांत आलं, काहींत नाही.

कोकणी_माणूस

मला एक कळत नाही. ज्यांनी स्वतःच्या हाताने हे ओढवून घेतलं त्यांच्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला? आमच्या स्टेशनबाहेरचे गर्दुल्ले बघा, पुलाचे लोखंडी पाइप कापून विकतात. आणि सरकार म्हणे त्यांना फुकट सुया देतं. उद्या दारुड्यांना फुकट ग्लास द्या.

पुन्हा_माणूस

कोकणीभाऊ, पाइप मीही विकलेत. रागवत नाही तुमच्यावर. अकरा वर्षं झाली सुटून. सवडीने लिहितो.

तिकडची_मी

सुयांवरून वाद निघालाच आहे तर लिहिते. मी लुइव्हिलला राहते, केंटकी राज्यात. ओहायो नदी ओलांडून उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर इंडियानातली स्कॉट काउंटी. तिथलं ऑस्टिन हे गाव जेमतेम चार हजार वस्तीचं. आधीच्या दहा वर्षांत अख्ख्या काउंटीत एचआयव्हीचे नवे रुग्ण किती, तर पाच. २०१४ च्या शेवटी एकदम आकडे चढायला लागले, आणि वर्षभरात १८१ जणांना लागण झालेली निघाली. त्यातल्या दहापैकी नऊंना हिपॅटायटिस सीसुद्धा होता.

हेरॉईन नव्हतंच मुळात. ओपाना नावाची वेदनाशामक गोळी होती, त्यात ऑक्सिमॉर्फोन. कुटून नाकात ओढता येऊ नये म्हणून कंपनीने ती २०१२ मध्ये टणक करून दिली, तर लोक ती विरघळवून टोचायला लागले. गोळी महाग, म्हणून एकीचे चार तुकडे करून घरातले आजी, मुलगा, सून असे मिळून एकाच सुईने. अंमल लवकर उतरतो, म्हणून दिवसाला चारपासून पंधरा वेळा. तेव्हाच्या गव्हर्नरांचा, माइक पेन्स यांचा, सुईवाटपाला विरोध होता. पण २६ मार्च २०१५ ला त्यांनाच आणीबाणी जाहीर करून सुया वाटायला परवानगी द्यावी लागली. सुया आल्या, तपासण्या झाल्या, एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि साथ ओसरली. ओपाना २०१७ मध्ये बाजारातून गेली. २०२१ मध्ये काउंटीच्या तीन आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मतांनी सुयांचा कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. कारण तेच, कोकणी_माणूस यांनी वर लिहिलंय ते.

कोकणी_माणूस

बरं. पण ती अमेरिका आहे.

सेवानिवृत्त_दिमापूर

तर मग भारतातलं ऐका. नोकरीनिमित्त दिमापुरात आणि इंफाळात नऊ वर्षं काढली. मणिपुरात सप्टेंबर १९८९ पर्यंत सुईवाल्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडत नव्हता. त्यानंतर सहा महिन्यांत तपासलेल्यांतले निम्मे पॉझिटिव्ह. मोरेहच्या सीमेवरून ब्रह्मदेशातली 'नंबर फोर' पांढरी पावडर यायची, ती पाण्यात सहज विरघळते. आपल्या मुंबईकडची ब्राऊन शुगर तशी विरघळत नाही, म्हणून इकडे पन्नी आणि तिकडे सुई. एवढ्याशा रसायनशास्त्राने तिकडची एक पिढी गेली.

नागालँडमध्ये पावडर कमी आणि 'एसपी' जास्त. पोटदुखीच्या निळ्या कॅप्सूल, आत डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन. ती पोटात घ्यायची वस्तू. पोरं उघडून पाण्यात कालवून शिरेत घेत. शिरा जळून जात, हातापायांना गळवं, काहींचे हात कापावे लागलेले मी पाहिलेत. भारतात ते औषध २०१३ मध्ये बंद झालं. आजही मिझोराम, नागालँड आणि मणिपूर ही तीन राज्यं एचआयव्हीच्या प्रमाणात देशात सगळ्यात वर आहेत.

अवांतर: तिथल्या चर्चमधल्या बायका रात्री गस्त घालून सुया गोळा करायच्या. त्यांच्यावर कोणीतरी लिहायला हवं.

अबोली_के

सेवानिवृत्त काका, त्या गस्तीवर तुम्हीच लिहा, मी वाट बघते.

थोडे आकडे. २०१९ मध्ये एम्सच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यानुसार भारतात अफू गटातलं काही ना काही घेणारे सुमारे २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या घरात. नशा टोचून घेणारे अंदाजे साडेआठ लाख. या टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २०२१ च्या सर्वेक्षणात ९ टक्के निघालं. सर्वसामान्य प्रौढांत ते ०.२ टक्के आहे. सुईचा वाटा मोठाच आहे, ते मी नाकारत नाही. सुईबरोबर चमचा, कापूस, पाणीही वाटून घेतात, तेही मोजा. रिकाम्या दिसणाऱ्या सिरिंजमध्ये राहिलेल्या थेंबात, तापमान जुळलं तर, विषाणू ४२ दिवसांपर्यंत टिकू शकतो.

गोदाकाठची

धागा वाचून पोटात गोळाच आला. माझ्या बाबांना कर्करोग आहे, हाडात गेलाय. गेला महिनाभर मॉर्फीनच्या गोळ्या चालू आहेत. एचआयव्ही वगैरे काही नाही. पण प्रतिकारशक्ती मंदावते म्हणताय, तर कमी करू का? आधीच केमोने पांढऱ्या पेशी उतरल्यात.

शिकाऊ_वैद्य

गोदाकाठची, कृपा करून गोळी कमी करू नका. वेदना हीसुद्धा प्रतिकारशक्ती दाबते. झोप नाही, जेवण नाही, कॉर्टिसॉल चढलेलं. दुखणं अंगावर काढल्याने पांढऱ्या पेशी वाचत नाहीत. बाबांना डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी ठरलेला डोस मिळतोय, हिंदोळे नाहीत. वर माकडांचं लिहिलं ते आठवा. फक्त पोट साफ होण्याचं औषध सोबत लिहून दिलंय ना ते बघा. मॉर्फीन चालू आणि ते औषध नाही, हे फार दिसतं.

या देशात वर्षानुवर्षं कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले, कारण कायद्याच्या भीतीने दुकानदार मॉर्फीन ठेवायला तयार नसत. २०१४ मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा दुरुस्त झाला तेव्हा थोडं सोपं झालं. ती भीती आता घराघरातून परत यायला नको.

गोदाकाठची

पोट साफ होण्याचं औषध नव्हतंच लिहिलेलं. उद्या विचारते. तीन दिवस पोट साफ झालेलं नाही त्यांचं. आभार.

पुन्हा_माणूस

हं, आता लिहितो.

मी पन्नीवरच सुरुवात केली. सुई पाचव्या वर्षी, कारण ओढून पुरेना आणि पैसे संपले. टोचलं की थोड्यात भागतं. अबोलीताई, त्या आईला हे सांगा. 'पन्नीवाला' हा मुक्काम नसतो, बहुतेकांचा वाटेतला थांबा असतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा सीडी४ १९० होत्या. एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) फुकट होती, डॉक्टर बरे होते. पण गोळी रात्री नऊला घ्यायची आणि माझी टर्की सुरू व्हायची आठला. ज्याला टर्की माहीत नाही त्याला सांगतो. नाक गळतं, जांभयांवर जांभया, पिंढऱ्या कोणी पिळतंय असं वाटतं, खालून-वरून दोन्हीकडून चालू. गोळी गिळली तरी उलटीत पडते. मग पुडी मिळाली की गोळी आठवत नाही. महिन्यातून दहा दिवस घेतली असेन. वर्षभराने सीडी४ ८४. डॉक्टर म्हणाले औषधाला विषाणू जुमानेनासा झालाय, बदलू. माझ्या पेशींवर कुठल्या कड्या वाढल्या ते मला नाही ठाऊक. गोळ्या चुकल्या ते ठाऊक आहे.

मग एका संस्थेच्या केंद्रात ओएसटीला (पावडरीच्या बदली देखरेखीखाली मिळणाऱ्या औषधाला) लागलो. बुप्रेनॉर्फिन. रोज सकाळी जायचं, त्यांच्यासमोर जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तिथेच बाजूच्या खिडकीत एआरटीची गोळी. आठ महिन्यांत विषाणू इतका घटला की तपासणीत सापडेना. आता सीडी४ सहाशेच्या वर, वडापावची गाडी आहे. पत्ता सांगणार नाही, नाहीतर तुम्ही सगळे फुकट खायला याल.

रानवारा

🙏

कोकणी_माणूस

पुन्हा_माणूस, तुमचं वाचलं. वरचं लिहिलं ते तुमच्यासारख्यांबद्दल नव्हतं, असं म्हणणार होतो, पण ते खोटं झालं असतं. एक मात्र खरंच विचारतो, वाद म्हणून नाही. ओएसटी म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नशाच ना? तीही अफूच्याच गोतावळ्यातली. मग पेशींवरचे ते म्यू रिसेप्टर तिलाही चिकटणारच की.

शिकाऊ_वैद्य

प्रश्न अगदी नेमका आहे. चिकटते. पण बुप्रेनॉर्फिन रिसेप्टर अर्धवटच जागा करते आणि तिथे खूप वेळ ठाण मांडून बसते. त्यामुळे चढणंही नाही आणि टर्कीही नाही. प्रयोगशाळेतल्या तुलनेत मॉर्फीन किंवा फेंटॅनिलपेक्षा ती प्रतिकारशक्तीला कमी धक्का लावते असं दिसतं. आणि समाजात काय होतं तेही मोजलंय. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये निष्कर्ष आला, की अशी बदली औषधं घेणाऱ्या सुईवाल्यांत एचआयव्हीची नवी लागण निम्म्याहून कमी होते, ५४ टक्क्यांनी घट. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला २००८ चा अभ्यास आहे. तिथे एआरटी सुरू केलेल्यांत सुई घेणारे आणि न घेणारे यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक सापडला नाही.

एक धोक्याची जागा सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे ती फार येते. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू केलं की यकृत मेथाडोन (हेही ओएसटीतलंच औषध) आणि बुप्रेनॉर्फिनचा झपाट्याने निचरा करतं. पेशंट म्हणतो 'टर्की येतेय', आणि त्याला वाटतं केंद्रवाले डोस चोरताहेत. मग तो केंद्र सोडतो, त्याच्यामागून एआरटी सुटते, टीबीचं औषधही. जुन्या एआरटीतलं एफाविरेन्झ मेथाडोनच्या बाबतीत असंच करायचं. आताचं डोल्युटेग्राविर तसं करत नाही, पण रिफॅम्पिसिनसोबत ते स्वतः उतरतं, म्हणून दिवसातून दोनदा द्यावं लागतं. टीबी, एआरटी आणि ओएसटी या तिन्ही दवाखान्यांनी एकमेकांशी बोलायला हवं. बोलत नाहीत.

वकील_ताई

कायद्याचं एक. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागणीचा धोका कमी करायला स्वच्छ सुया देणं किंवा ओएसटी देणं हा गुन्हा ठरत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी वस्तीत सुया वाटणाऱ्या मुलांना पोलीस उचलतात, आणि आम्हाला कलमाची प्रत घेऊन जावं लागतं. प्रत लॅमिनेट करून ठेवलीय.

रानवारा

मेंदूचं कोणी लिहिलं नाही. माझ्या नात्यात एकजण आहेत, विषाणू आटोक्यात आहे पण विसरभोळे झालेत फार. पूर्वी गर्द होती.

शिकाऊ_वैद्य

एचआयव्ही मज्जापेशींत शिरत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रखवालदार पेशींत शिरतो. तिथून 'टॅट' नावाचं प्रथिन बाहेर पडतं, ते शेजारच्या मज्जापेशींना घातक. मॉर्फीन आणि टॅट एकत्र आले की नुकसान दोघांच्या बेरजेहून जास्त, हे उंदरांत आणि पेशींत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण तुमच्या नातेवाइकांचं कारण वेगळंही असू शकतं. बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य आधी तपासा. ही तीन बरी होण्यासारखी कारणं आहेत.

अबोली_के

सगळ्यांचे आभार. पुन्हा_माणूस, तुमचा प्रतिसाद छापून (नाव काढून) आमच्या खोलीत लावू का?

त्या आईला काल परत बोलावलं होतं. मुलगाही आला, टोपी डोळ्यांवर ओढून. मी सांगितलं ते असं: पावडर स्वतः पेशींचं काम मंदावते, प्रयोगांत तसं दिसलंय. तुझ्या शरीरात ती किती करेल ते मी सांगू शकत नाही. पण टर्कीत तुझी एक-एक गोळी चुकेल, तिने काय होईल ते नक्की सांगू शकते. मग सीडी४ १९० वरून ८४ कशा झाल्या ते सांगितलं. त्याने पहिल्यांदा मान वर केली. विचारलं, "तो माणूस खरा आहे का?"

पुन्हा_माणूस

लावा. आणि त्याला म्हणावं, वडापावचा पत्ता फक्त त्याला देईन.

एक सांगून ठेवा. ओएसटीच्या पहिल्या दिवशी अंगात पावडर असताना जाऊ नको म्हणावं. टर्की नीट सुरू झाल्यावरच पहिली गोळी घ्यायची. नाहीतर बुप्रेनॉर्फिन पावडरीला रिसेप्टरवरून ढकलून देते आणि अशी टर्की येते की माणूस पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पळालो होतो, दुसऱ्यांदा जायला सात महिने लागले.

अबोली_के

सांगते. मंगळवारी जाणार आहे तो. सकाळी नऊला, आईबरोबर. रात्रभर जागी राहीन म्हणाल्या त्या.